कार्ल मिलेसची शिल्पं बघायला जाताय? आधी त्यांचे पाय बघा

स्टॉकहोमला नोकरीसाठी आलेली किंवा लेकीकडे, मुलाकडे उन्हाळ्यात राहायला आलेली आपली मंडळी गावात फिरायला बाहेर पडली की वाटेत स्वीडिश शिल्पकार कार्ल मिलेसचं एखादं तरी शिल्प येतंच, आणि बहुतेक जण समोर उभं राहून एक फोटो काढतात, "काहीतरी ग्रीक दिसतंय" म्हणतात आणि पुढे कॉफी शोधायला जातात. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. ही शिल्पं म्युझियममध्ये काचेआड नाहीयेत, भर चौकात, भाजीबाजारात, बंदराच्या काठावर उभी आहेत, बघायला तिकीटसुद्धा लागत नाही (त्याचं घर आणि बाग असलेलं मिलेसगोर्डेन सोडलं तर), आणि थोडी तयारी करून गेलात तर एकेका शिल्पापुढून पाय निघत नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. मिलेसचं शिल्प चेहऱ्यापासून बघायला सुरुवात करू नका, पायापासून करा. ते कशाला टेकलंय, जमिनीला, खांबाला, माशाला, कुत्र्याच्या डोक्याला, आणि किती कमी जागेत टेकलंय, ते पहिल्यांदा शोधा. ह्या माणसाला आयुष्यभर एकच ध्यास होता म्हटलं तरी चालेल, की एवढं जड ब्राँझ आणि ते आकाशात तरंगताना दिसलं पाहिजे. पुराणातली पात्रं त्याला जवळची वाटायची ती त्याचमुळे असं माझं मत आहे, देवाला आणि उडत्या घोड्याला जमिनीवर नीट उभं राहायची सक्ती नसते ना.

निघायच्या आधी

त्याच्याबद्दल थोडंफार माहीत असू द्या, सगळं चरित्र पाठ करायची गरज नाही. जन्म १८७५ चा, उप्सालाजवळच्या लाग्गा गावचा, मूळ आडनाव अँडरसन. वडील सैन्यात अधिकारी होते, त्यांना लोक मिले म्हणायचे, त्यावरून पुढे मिलेस झालं. स्टॉकहोमला आधी सुतारकाम शिकला, संध्याकाळी टेक्निकल शाळेचे वर्ग. १८९७ मध्ये चिलीला निघाला होता, तिथे जिम्नॅस्टिक्सची शाळा चालवायला, वाटेत पॅरिसला थांबला आणि चिली राहिलंच, पॅरिसमध्येच शिल्पकला शिकला आणि प्रसिद्ध फ्रेंच शिल्पकार रोदँच्या स्टुडिओत काम केलं. जिम्नॅस्टिक्सचं लक्षात ठेवा, कारण त्याची माणसं नंतर एका पायावर, एका बोटावर, कधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यावर असल्यासारखी तोल सांभाळताना दिसतील तेव्हा ते आठवेल.

१९०५ मध्ये ओल्गा ग्रानरशी लग्न झालं, ती ऑस्ट्रियातल्या ग्राझची, स्वतः चित्रकार, पोर्ट्रेट करायची. दगड कोरताना उडणाऱ्या धुळीनं कार्लची फुप्फुसं बिघडली. सिलिकोसिस म्हणतात तो आजार, आपल्याकडे राजस्थानातल्या खाणकामगारांना होतो तोच. शहरांतली त्याची जी मोठी कामं आपण बघतो ती मुख्यतः ब्राँझची आहेत. म्हणजे आधी मातीत घडवायचं, मग प्लास्टर, मग फाउंड्रीत ओतकाम. आतून शिल्प पोकळ असतं. हे डोक्यात असलं की जवळ गेल्यावर काय शोधायचं ते कळतं, मातीत उमटलेले बोटांचे आणि हत्याराचे माग ब्राँझमध्ये तसेच आलेत का, दोन तुकडे जोडल्याची रेघ कुठे दिसते का, आणि खाली कडेला फाउंड्रीचा शिक्का आहे का. शिक्का सापडला की मुलं फार खूश होतात, शोधायचं काम त्यांनाच द्या.

आणि कथा वाचून जा. ग्रीक पुराणातल्या ऑर्फियस, युरोपा, समुद्रदेव पोसायडन, पंखांचा घोडा पेगासस, ह्या चार गोष्टी पुरेत, जाताना मेट्रोत वाचून होतात.

पहिला मुक्काम: होतोरियेट

सुरुवात इथूनच करा. टी-सेंट्रालेन स्टेशनपासून चालत जाता येतं, नाहीतर ग्रीन लाइननं थेट होतोरियेट स्टेशन. चौकात रोज भाजी-फुलांचा बाजार असतो, रविवारी जुन्या सामानाचा, आणि समोर निळ्या भिंतीचा कॉन्सर्ट हॉल. इवार टेंगबूमनं बांधलेला, १९२६ चा. दर १० डिसेंबरला नोबेल पारितोषिकं ह्याच इमारतीत देतात. २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी धोतर नेसून इथेच गेले होते, त्यांच्या आई निर्मलाताई मूळच्या पाटणकर, त्यामुळे पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगते. पायऱ्यांसमोर मिलेसचा ऑर्फियस आहे, १९३६ पासून.

गोष्ट अशी की ऑर्फियसची बायको युरिडिसी मरते, तो लायर हे तंतुवाद्य वाजवत पाताळात जातो, मृत्यूच्या देवाला संगीतानं पाघळवतो, तो म्हणतो ने तिला, पण वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. ऑर्फियस वळून बघतो आणि ती कायमची जाते. आपल्याकडे सावित्री यमाच्या मागे चालत राहते आणि नवऱ्याला घेऊन येते, इथे नवरा बायकोला आणायला जातो आणि हातची घालवतो. आईला ही गोष्ट सांगितल्यावर ती पटकन म्हणाली, "म्हणजे हा पुढे चालत होता म्हणून चुकलं, सावित्री मागे होती." मी तेव्हापासून ते शिल्प त्याच नजरेनं बघते.

आता पाय बघा. मधला उंच सडपातळ ऑर्फियस ज्याच्यावर उभा आहे तो सेर्बेरस, पाताळाच्या दारातला तीन डोक्यांचा कुत्रा. (ऋग्वेदात यमाचेही दोन कुत्रे आहेत, चार-चार डोळ्यांचे, लहान मुलांना सांगा, दोन्हीकडे मृत्यूच्या वाटेवर कुत्राच राखणीला कसा बसलाय ते.) एवढा मोठा देह त्या कुत्र्यावर अगदी हलका ठेवलाय, टेकलाय म्हणण्यापेक्षा उतरतोय किंवा निघालाय असं वाटतं. भोवती आठ जण, चार पुरुष, चार बायका, संगीत ऐकून जागे होणारे मृतात्मे. ह्यांचे पाय तर जमिनीला नावालाच लागलेत. प्रत्येकाभोवती सावकाश फिरा. एक ऐकतोय, एक चकित झालाय, एकीला अजून जाग यायचीय बहुतेक. त्यातल्या एका पुरुषाला बेथोवनचा चेहरा आहे, तो शोधा.

फिरताना एक गोष्ट लगेच लक्षात येईल, जवळून पाय फार लांब आणि डोकी जरा लहान वाटतात. ह्याची ही खास शैलीच, पण खालून वर बघताना तिचा फायदाही होतो, देह आणखी वर चढत गेल्यासारखा दिसतो. म्हणून एकाच जागी उभं राहू नका. आधी पार बाजाराच्या टोकाला जाऊन लांबून बघा, मग अर्ध्या वाटेत, मग अगदी खाली. तीन वेगळी शिल्पं बघितल्यासारखं होतं.

मोबाइलवाल्यांसाठी: समोरून काढलेल्या फोटोत मागच्या निळ्या भिंतीवर ऑर्फियस छान उठून दिसतो, पण आठ जणांचा गोल कळत नाही. त्यासाठी पायऱ्यांवर चढा आणि चौकाकडे तोंड करून काढा, मागे भाजीच्या गाड्या येतात, येऊ देत, मला तर तोच फोटो खरा वाटतो.

वेळ असेल तर तिथून चालत दोन ठिकाणं होतात. एक टेंगबूमनंच बांधलेला काडेपेटी कंपनीचा महाल, तिच्या मालकाचा, इवार क्रोयगरचा, त्याच्या अंगणात मिलेसची डायना आहे, शिकारीची देवी. आणि दुसरं संसदेजवळचं स्ट्रोमपार्टेरेन, पाण्याकाठची छोटी बाग, तिथे १९२६ चा सूर्यगायक हात उंचावून उभा आहे, कवी टेग्नेरच्या स्मरणार्थ. तो सकाळी बघा, उन्हात.

मिलेसगोर्डेन, ह्याला अर्धा दिवस द्याच

कार्ल आणि ओल्गानं १९०६ मध्ये लिडिंगो बेटावर कड्यावरची जागा घेतली, १९०८ ला घर झालं, आणि मग पुढची पन्नासेक वर्षं ते घर, गच्च्या, पायऱ्या वाढतच गेल्या, त्यात भाऊ एव्हर्ट आर्किटेक्ट म्हणून हाताशी होता. १९३६ मध्ये त्यांनी हे सगळं स्वीडिश जनतेला देऊन टाकलं. स्वतः तेव्हा अमेरिकेत होते, १९३१ ते १९५१ कार्ल मिशिगनमधल्या क्रॅनब्रूकच्या कला अकादमीत होता, अमेरिकन नागरिकत्वही घेतलं, नंतर हिवाळे रोमला आणि उन्हाळे इथे. १९५५ मध्ये इथेच गेला, आणि कबरही इथेच बागेत आहे.

जायचं कसं: रेड लाइन मेट्रोनं शेवटचं स्टेशन रोप्स्टेन, तिथून पूल ओलांडून बस किंवा ट्राम, मग थोडं चालणं. एसएलचं, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाहतुकीचं, एक तिकीट ७५ मिनिटं चालतं, त्यात हे सगळं बसतं. उघडण्याच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, निघण्याआधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. गुडघ्याचा त्रास असलेले आईवडील बरोबर असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा, जागा उतारावर आहे, वरून खाली पायऱ्याच पायऱ्या, उतरताना काही वाटत नाही पण परत चढायचं असतं. वरच्या गच्चीवर बसायला जागा आहे, तिथून खालचं बरंचसं दिसतं, त्यांना तिथे निवांत बसवून बाकीच्यांनी खाली उतरावं.

क्रम असा ठेवा: आधी घर आणि स्टुडिओ, तिथे त्यानं जमवलेल्या जुन्या ग्रीक-रोमन मूर्ती आहेत. हात तुटलेले, नाकं गेलेली संगमरवरी देहं. त्या आधी बघितल्या की बाहेर गेल्यावर कळतं की हा कुठून निघाला आणि कुठे गेला, जुन्या मूर्ती आपल्या वजनावर ठाम उभ्या आहेत, ह्याच्या बाहेरच्या मूर्तींना उभं राहायचंच नाहीये. मग वरची गच्ची, मग सगळ्यात शेवटी खालची मोठी गच्ची.

खालच्या गच्चीवर उंच खांबांची रांग आहे आणि खांबांवर ब्राँझ. इथे मान वर करून हळूहळू चाला. माणूस आणि पेगासस शोधायला लागणार नाही, सगळ्यात आधी तोच दिसतो. पंखांचा घोडा तिरका वर झेपावलाय, आणि नीट बघा, माणूस घोड्यावर बसलेलाच नाही! तो घोड्याच्या वर वेगळा तरंगतोय, हात पुढे ताणलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बसलाय, कारण डोळ्याला सवय तीच असते. आता खांबाच्या बाजूनं फिरत फिरत तो जोड कुठे आहे ते शोधा, घोडा खांबाला कुठे लागलाय आणि माणूस घोड्याला कुठे लागलाय. एका बाजूनं जोड दिसतो, दोन पावलं सरकलं की गायब होतो आणि नुसतं आकाश उरतं. मी पाहुण्यांना हेच करायला लावते, घाई करणारेसुद्धा इथे गप्प होऊन फेऱ्या मारायला लागतात.

दुसरं, देवाचा हात. उंच खांबावर एक प्रचंड पंजा आणि त्याच्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर उभा असलेला एक छोटासा नागडा माणूस, वर बघत, हाताची बोटं फाकलेली. त्याची पावलं बघा फक्त. घसरेल का? एक पाय अंगठ्यावर, एक बोटावर, मध्ये पोकळी. भक्तीची शिल्पं आपण खूप बघतो, डोळे मिटलेली, हात जोडलेली, पण देवाच्या हातावर उभं असूनही तोल आपला आपणच सांभाळायचा असतो हे मी दुसऱ्या कुठल्या शिल्पात इतकं उघड बघितलेलं नाही. जवळ उभी राहिले की दर वेळी पोटात गोळा येतो.

पोसायडन आणि युरोपा ह्यांच्या प्रतीही इथे आहेत, त्या बघा पण त्यावर समाधान मानू नका. खाली येताना अ‍ॅनचं घर लागतं, अ‍ॅन म्हणजे मिलेसची सेक्रेटरी, ते एव्हर्टनं बांधलं आणि आतली सजावट डिझायनर योसेफ फ्रांकची, फर्निचरची आवड असेल तर थांबा.

वेळेबद्दल. जूनमध्ये स्टॉकहोमला सूर्य रात्री दहानंतर मावळतो, डिसेंबरमध्ये दुपारी तीनच्या आतच. काळसर-हिरवं ब्राँझ तिरप्या उन्हात सगळ्यात छान दिसतं, भर दुपारी वरून ऊन असलं की खांबावरच्या आकृत्या नुसत्या काळ्या दिसतात. आणि हिवाळ्यात कारंजी बंद असतात. मिलेसच्या कामात पाणी म्हणजे शोभा नव्हे, अर्ध्या शिल्पांत तेच अंगाखालचा आधार बनतं, म्हणून पहिली भेट शक्यतो मे ते सप्टेंबरमध्ये ठेवा.

गोथेनबर्ग आणि हाल्मस्टाड

गोथेनबर्गला बरीच मराठी मंडळी आहेत, गाड्यांच्या कंपन्यांमुळे, त्यांच्यासाठी तर पोसायडन म्हणजे रोजचाच. आवेनीन रस्ता जिथे संपतो त्या योतापलात्सेन चौकात, मागे कलासंग्रहालय, दोन बाजूंना नाट्यगृह आणि कॉन्सर्ट हॉल. १९३१ चं शिल्प, सात मीटर उंच, एका हातात मासा, दुसऱ्यात शिंपला. ह्याचा चेहरा राकट आहे, ऑर्फियससारखा देखणा नाही, बंदराच्या गावाला शोभणारा समुद्र आहे हा. फक्त त्याच्याकडे बघून परतू नका, कुंडाच्या कडेनं पाण्यातल्या जीवांचे छोटे छोटे गट आहेत, जलपऱ्या, मासे, माशाच्या शेपटीचे ट्रायटन, तिथे खाली बसून बघा, मुलांना तेच जास्त आवडतं.

स्टॉकहोमहून गोथेनबर्ग ट्रेननं साधारण तीन तास. तिथून दक्षिणेला तासाभराच्या आसपास हाल्मस्टाड. छोटं गाव, तिथे थांबायला कोणी सांगत नाही, पण मोठ्या चौकात १९२६ ची युरोपा आणि बैल आहे आणि माझ्या मते मिलेसचं हे सगळ्यात सुंदर काम. झ्यूस देव बैलाचं रूप घेऊन युरोपाला पळवून नेतो ती गोष्ट. युरोपा बैलाच्या पाठीवर, हात पुढे केलाय, आणि बैलानं मान मागे वळवून जीभ बाहेर काढलीय ती तिच्या हाताला लागतेय. सगळ्या शिल्पातली ताकद त्या एका स्पर्शात एकवटलीय. ती जीभ आणि तो हात ह्यांच्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघा, एका बाजूनं लाड वाटतात, दुसरीकडून भीती वाटते. पळवून नेण्याचीच गोष्ट आहे ती, आणि त्यानं ती गोड करून टाकलेली नाही.

दोन अवघड प्रश्न

घरच्यांना घेऊन गेलात की पहिला प्रश्न येतो तो नग्नतेचा. सगळेच नागडे आहेत. मी सरळ सांगते की देह कसा तोल धरतो हे दाखवायचं तर कपडे आड येतात, आणि आपल्या वेरूळला, खजुराहोला कोण झाकून बसलंय. हा वाद तिकडेही झालेला आहे. अमेरिकेत सेंट लुईसला स्टेशनसमोर त्यानं मिसिसिपी आणि मिसुरी नद्यांचं कारंजं केलं, मिसिसिपी पुरुष, मिसुरी स्त्री, एकूण चौदा आकृत्या, नाव होतं नद्यांचं लग्न. नागडी वरात लोकांना चालेना, शेवटी १९४० मध्ये पाण्यांची भेट असं नाव देऊन ते खुलं झालं. आकृत्या मात्र त्याच राहिल्या.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. मिलेसच्या पत्रांमधून हिटलर आणि मुसोलिनीबद्दल त्याला आपुलकी होती हे स्पष्ट दिसतं. हे लपवून शिल्पं दाखवू नका, मोठ्या मुलांना तर नक्की सांगा. मी स्वतः त्याची शिल्पं बघायला जाते आणि जात राहणार, पण त्याला संत म्हणून कुणापुढे उभा करणार नाही.

स्वीडनबाहेर असाल तर

आयोवात डे मॉइनच्या आर्ट सेंटरला पेगासस आहे, १९४९ चा. डेट्रॉइटला देवाचा हात आहे, आणि क्रॅनब्रूकला ऑर्फियसचं कारंजं, पण त्यात ऑर्फियसच नाही! फक्त ऐकणारे आठ जण गोलात, मधे पाणी. होतोरियेट बघून मग हे बघायला मिळालं तर भाग्यच. जपानमध्ये हाकोनेच्या खुल्या संग्रहालयातही पेगासस आहे.

आणि मुंबईत असाल तर डोळ्याला सराव करायला हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन आहेच, १८६४ चं, फुलांची रोमन देवी, पोर्टलंडच्या दगडातली. २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा पाणी सुरू झालं. दगडाची देवी वजन घेऊन कशी उभी राहते, खालच्या थरांवर तो भार कसा उतरत येतो, ते चारी बाजूंनी बघा, रविवारी सकाळी, ट्रॅफिक कमी असताना. मग मिलेसचं ब्राँझ बघताना फरक पहिल्याच मिनिटात जाणवेल.

एक राहिलं, नाका स्ट्रांड. देव इंद्रधनुष्यावर उभा राहून आकाशात तारे लावतोय असं शिल्प मिलेसनं न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांसाठी कल्पिलं होतं, त्याच्या हयातीत झालं नाही, त्याचा शिष्य मार्शल फ्रेडरिक्स ह्यानं पुढे नेलं आणि १९९५ मध्ये स्टॉकहोमच्या बंदराकाठी उभं राहिलं. धनुष्याची कमान अर्धीच आहे, उरलेली अर्धी पाण्याच्या फवाऱ्यानं पूर्ण होते, म्हणून हेसुद्धा उन्हाळ्यातच. काठावरून बघता येतं, पण फिनलंडला जाणारं वायकिंग लाइनचं जहाज घेणार असाल तर सामान केबिनमध्ये टाकून लगेच डेकवर या आणि उजव्या बाजूला उभे राहा, निघाल्यावर थोड्याच वेळात येतं.